देहूरोडचा रेडझोन: रेषा सातबाऱ्यावर कधी येणार?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. १९९८ साली त्यांनी तळवड्याच्या बाजूला दीड गुंठा घेतला. आईच्या पाटल्या मोडल्या, भिशीचे पैसे घातले आणि दोन खोल्या बांधल्या. जागा दाखवणाऱ्या एजंटाने देहूरोडच्या लष्करी दारूगोळा डेपोचा शब्दही काढला नव्हता. आमच्या सातबाऱ्यावरही काही नव्हतं. मागच्या वर्षी भावाचं लग्न ठरलं, तेव्हा वर एक मजला चढवायचा म्हणून कर्जाला गेलो. बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आणि मान हलवली. "हे रेडझोनमध्ये आहे, ताई." म्हणजे डेपोभोवतीचा तो पट्टा, जिथे लष्कराच्या परवानगीशिवाय बांधकाम करता येत नाही.

वडिलांना हा शब्द माहीत होता, पण रेडझोन म्हणजे डेपोच्या तारेलगतची जागा अशी त्यांची समजूत होती. आमचं घर तारेपासून चालत वीस मिनिटांवर आहे. देहूरोडची हद्द मात्र २००० यार्डांची, म्हणजे सुमारे १८२९ मीटर. निगडी, यमुनानगर, तळवडे, चिखली, किवळे, देहूगाव या सगळ्या भागांत ती कुठे ना कुठे शिरते. दिघीच्या मॅगझिनभोवती (तेही दारूगोळ्याचं कोठारच) हीच हद्द ११४५ मीटर आहे.

माझं भांडण लष्कराशी नाही. डेपो हवाच, आणि त्याच्याजवळ दाट वस्ती नको हेही पटतं. माझा प्रश्न वेगळा आहे. लष्कर आपली रेषा एका नकाशावर आखतं, पालिका आपला विकास आराखडा दुसऱ्या नकाशावर करते, तलाठ्याकडे तिसरंच काहीतरी असतं, आणि हे तिन्ही कागद पहिल्यांदा एकत्र येतात ते आमच्यासारख्यांच्या कर्जाच्या फायलीत. हे लोक आधी एका टेबलाशी बसून जमिनीचा विचार करू शकत नाहीत का? कुठे असं झालं आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

यमुनानगरवाले

ताई, तुमच्या वडिलांसारखे आमच्या चाळीत शेकड्याने आहेत. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये तर झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारती खुद्द महापालिकेने उभ्या केल्या आणि रेडझोनमुळे प्रकरण न्यायालयात जाऊन काम अडकलं. पालिकेलाच रेषा दिसली नाही तर फिटरला कशी दिसणार? वाचतोय.

निवृत्त_सुभेदार

मी दारूगोळ्याच्या साठवणुकीत २४ वर्षं काढली. कुठे ते लिहीत नाही. कोणत्या डेपोत काय आणि किती आहे, हे कोणी विचारू नये आणि कोणी सांगूही नये. पण अंतर कसं ठरतं ते सांगतो, ते जगभर छापलेलं आहे.

स्फोटकांच्या वजनाचं घनमूळ काढतात आणि त्याला एका आकड्याने गुणतात. राहत्या घरांसाठी किलो आणि मीटरमध्ये हा आकडा साधारण २२.२ धरतात. म्हणजे एका जागी एक टन माल असेल तर ढोबळमानाने २२२ मीटर, आठ टन असेल तर ४४४, आणि ६४ टन असेल तर ८८८ मीटर. माल आठपट झाला तर अंतर दुप्पट होतं. हे उलट दिशेनेही खरं आहे: माल निम्मा केला म्हणून अंतर निम्मं होत नाही, पाचव्या हिश्शानेच कमी होतं. "थोडा साठा हलवा आणि रेडझोन संपवा" असं सभांमध्ये बोलतात, त्यांनी हे गणित एकदा करून पाहावं.

मातीने झाकलेली कोठारं, मधले बांध, मालाचा प्रकार यांनी फरक पडतो. मातीच्या आडोशाने शेजारच्या कोठारात स्फोट पसरत नाही, त्यामुळे सगळा साठा एकदम धरावा लागत नाही. म्हणून कोठारांची नवी बांधणी हा अंतर कमी करण्याचा खरा मार्ग आहे. पण तो खर्चिक आहे आणि त्याला वर्षं लागतात.

आणि धोका कागदावरचा नाही. २८ एप्रिल २००० ला भरतपूरच्या दारूगोळा डेपोला आग लागली. ३१ मे २०१६ च्या पहाटे आपल्या पुलगावला. पुलगावात अधिकारी गेले, आग विझवायला धावलेली पोरं गेली. त्यांतली काही नावं मला तोंडपाठ आहेत, इथे लिहिणार नाही. बाहेर त्या रात्री कमी नुकसान झालं, कारण भोवती शेतं होती. तिथे यमुनानगर असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मला झोप लागत नाही. लोकांचा त्रास समजतो. पण अंतर मागे घ्या असं कोणी म्हटलं, तर माझा विरोध राहील.

वर्धेकडचा

सुभेदारसाहेब, पुलगावच्या बाहेर कमी नुकसान झालं हे खरं, पण आगरगाव, पिपरी, नागझरीची माणसं त्या पहाटे लेकरं काखेत घेऊन अंधारात पळाली. खिडक्या फुटल्या, भिंती तडकल्या. माझी आत्या त्यात होती. कुठल्या दिशेने पळायचं हे कोणी कधी सांगितलेलं नव्हतं. आणि २० नोव्हेंबर २०१८ ला सोनेगाव आबाजीच्या मैदानात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात मजुरीला गेलेली गावातली माणसं मेली. अंतराइतकंच हेही लष्कराने आणि गावाने मिळून ठरवायला हवं: सायरन कुठला, रस्ता कुठला, शाळा कुठे रिकामी करायची. आमच्याकडे शेतमजुराला डेपोतली मजुरी हवी असते आणि डेपोला मजूर. तेवढीच आमची ओळख.

मावळचा_वकील

कायद्याचं थोडं. रेडझोन हा बोलीतला शब्द. कायदा आहे १९०३ चा, संरक्षण बांधकामे अधिनियम. त्यातलं कलम ७ प्रत्येकाने वाचावं. त्यात तीन रेषा आहेत: २०००, १००० आणि ५०० यार्ड. त्या मोजायच्या कुठून, तर बाहेरच्या तटाच्या माथ्यापासून. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर किल्ला होता आणि तोफेपुढे मोकळं मैदान हवं होतं. सगळ्यात बाहेरच्या पट्ट्यात लष्करी अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय बांधकाम नाही, असलेल्यात भर किंवा बदल नाही, जमिनीची पातळी बदलायची नाही, लाकूड-विटा-वाळूचा ढीग घालायचा नाही. खत आणि शेतमालाला सूट ठेवता येते. हजार यार्डांच्या आत पक्क्या सामानाचं बांधकामच नाही. त्याच पट्ट्यात लेखी परवानगीशिवाय झाडांची रांगसुद्धा नाही. पाचशेच्या आत तर जमिनीखालीसुद्धा बांधकाम नाही.

आता महत्त्वाचं. या कायद्याच्या लांबलचक नावातच दोन गोष्टी आहेत: जमिनीच्या वापरावर बंधन घालणं, आणि त्या बंधनाबद्दल द्यायच्या मोबदल्याची रक्कम ठरवणं. जिल्हाधिकाऱ्याने नोटीस द्यायची, दावे ऐकायचे, निवाडा करायचा. बंधन आणि भरपाई ही एकाच कागदाची दोन पानं आहेत. माझ्याकडे येणाऱ्या पक्षकारांपैकी बहुतेकांना फक्त पहिलं पान माहीत असतं.

आणखी एक घोळ नेहमी होतो. १८ मे २०११ च्या संरक्षण मंत्रालयाच्या परिपत्रकाने लष्करी हद्दीपासून १०० मीटरपर्यंत, आणि चार मजल्यांहून उंच इमारत असेल तर ५०० मीटरपर्यंत, ना-हरकत लागेल असं सांगितलं. सुकना आणि आदर्श या लष्कराशी संबंधित जमीन-घोटाळ्यांनंतरचा तो काळ. पुढे २१ ऑक्टोबर २०१६ ला त्यात बदल होऊन १९३ ठाण्यांसाठी ते अंतर १० मीटरवर आलं. ही सुरक्षेची, नजर पडू नये म्हणूनची बंधनं. दारूगोळ्याच्या २००० यार्डांशी त्यांचा संबंध नाही. "आता दहाच मीटर झालं" असं सांगून प्लॉट विकणारे लोक आहेत. फसू नका.

डेपोशेजारी

थोडं वेगळं लिहितो. घरं नंतर आली, डेपो आधी होता, असं काही जण म्हणतात. खरं आहे. पण घरं आली ती डेपोमुळेच. माझे आजोबा डेपोत हमाल होते. मराठवाड्यातून चालत आले. त्यांच्यासारख्या कामगारांनी देहूरोड वसवलं. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा आजोबा गर्दीत उभे होते. आम्ही अतिक्रमण करायला बाहेरून आलेली माणसं नाही. तीन पिढ्या त्या तारेच्या आतलं काम करून बाहेर झोपलो. वस्ती आणि लष्कर अशी दोन टोकं मांडून बोललं की आमच्यासारखे लोक कुठेच बसत नाहीत.

इंद्रायणीकाठ

दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे यायला हवं होतं.

नकाशावाली

मी नगररचनेत काम करते, पण इथे लिहिते ते व्यक्तिशः.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचं प्रारूप कलम २६ खाली प्रसिद्ध होतं, लोक हरकती-सूचना देतात, नियोजन समिती सुनावणी घेते. त्या समितीत लष्कराची खुर्ची नसते. लष्कर बोलतं ते पुढे, एकेका इमारतीची परवानगी आली की ना-हरकतीच्या पत्रातून. म्हणजे गावाने जमिनीचं काय करायचं हे ठरवताना लष्कर गप्प, आणि एकट्या घरमालकाने वीट रचताना लष्कर समोर. धाग्यातलं मूळ दुखणं मला हेच वाटतं.

प्रारूपाच्या टप्प्यावर दोघं बसले तर काय होऊ शकतं? रेडझोनचा पट्टा आराखड्यात कोरा किंवा नुसता लाल भरलेला नसेल. तिथे रोपवाटिका, शेती, वाहनतळ, जिथे माणसं रात्री राहत नाहीत असे वापर लिहून ठेवता येतील. शाळा आणि दवाखान्यांची आरक्षणं पट्ट्याबाहेर जातील. आज उलट होतं: पट्ट्यात काहीच अधिकृत होत नाही, म्हणून जमीन स्वस्त राहते, स्वस्त म्हणून गुंठ्या-गुंठ्याने विकली जाते, आणि सगळ्यात दाट, सगळ्यात अरुंद गल्ल्यांची वस्ती नेमकी तिथे तयार होते जिथे ती अजिबात नको. बंदी आहे, पण वापराची योजना नाही, असं झालं की हेच होतं. अशी गुंठ्यांवरची घरं नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा झाला, पुढे त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढली, तरी रेडझोनमधल्या घराला त्याचा आधार मिळत नाही.

नकाशाबद्दल: नागरी विमानतळांभोवती इमारतीची उंची किती चालेल याचे रंगीत नकाशे केलेले आहेत. कोणीही आपल्या जागेचा रंग पाहू शकतो. त्यात गुपित उघड झालं नाही, विमानतळ सुरक्षितच राहिले. रेडझोनची राजपत्रातली हद्द गट क्रमांकांसह अशीच लावता येईल.

सात_समुद्रापार

मूळची औंधची, गेली १४ वर्षं अमेरिकेत व्हर्जिनिया बीचला. आमच्या शहरात नौदलाचा मोठा लढाऊ विमानतळ आहे, ओशिआना. इंद्रायणीकाठताईंनी "कुठे झालं आहे का" विचारलं म्हणून लिहिते.

इथे संरक्षण खात्याचा १९८५ पासून एक कार्यक्रम आहे, संयुक्त भूवापर अभ्यास म्हणता येईल त्याला. पैसा मुख्यतः संरक्षण खात्याचा, पण अभ्यास चालवते स्थानिक पालिका. तळाचे अधिकारी, शहराचे नियोजनकार, बिल्डर, रहिवासी एकत्र बसतात. निघणाऱ्या शिफारशी कोणावर बंधनकारक नसतात, पालिकेने आपल्या नियमात घेतल्या तरच लागू होतात. आधार म्हणून विमानतळाभोवतीचे नकाशे असतात: आवाजाचे पट्टे ६५ डेसिबलपासून वर, धावपट्टीच्या टोकाला मोकळा पट्टा, पुढे अपघाताच्या शक्यतेचा पहिला आणि दुसरा पट्टा.

सुरुवात मात्र भांडणातूनच झाली. शहराने वर्षानुवर्षं धावपट्टीच्या टोकापर्यंत घरांना परवानगी दिली होती. २००५ साली तळ बंद किंवा स्थलांतरित करण्याचा विचार करणाऱ्या आयोगाने बजावलं, की अपघात-पट्ट्यातली विसंगत बांधकामं सक्तीने संपादन करा, नाहीतर विमानं फ्लोरिडाला जातील. हजारोंच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. शहराने लोकांना घराबाहेर काढायला नकार दिला, पण त्या पट्ट्यात नवी विसंगत बांधकामं थांबवली आणि राज्याच्या बरोबरीने पैसे घालून राजीखुशीने विकणाऱ्यांची जमीन घेत राहिलं. विमानं इथेच राहिली.

मला यातली सगळ्यात उपयोगी वाटलेली गोष्ट छोटी आहे. मी पहिलं घर भाड्याने घेतलं तेव्हा माझ्यापुढे एक कागद आला: हे घर अमुक आवाज-पट्ट्यात आणि अमुक अपघात-पट्ट्यात आहे, वाचलं म्हणून सही करा. विकतच्या घरालाही तेच. सही करताना मला पहिल्यांदा कळलं आपण कुठे राहायला जातोय. ६ एप्रिल २०१२ ला इथलं एक एफ-१८ उड्डाण करताच सदनिकांवर कोसळलं. सुदैवाने कोणी मेलं नाही. त्या दिवशी मी तो कागद कपाटातून काढून पुन्हा वाचला.

कसबेकर

ताई, माहिती चांगली आहे, पण तिकडे तळ गेला तर शहर उपाशी राहील ही भीती होती, म्हणून सगळे टेबलाशी आले. आपल्याकडे डेपो कुठे जाणार नाही हे दोघांनाही माहीत आहे. मग लष्कराने टेबलाशी का यावं?

निवृत्त_सुभेदार

कसबेकर, मी उत्तर देतो. लष्करालाही गरज आहे. भोवती वस्ती दाटली की आग लागल्यावर बंब आत यायला रस्ता नाही, गवत जाळायला शेजाऱ्यांची हरकत, रात्री लोडिंगला हरकत, तारेलगत कचरा, त्याला लागणारी आग. भरतपूरला सुरुवात गवतापासूनच झाली होती. डेपोचा कमांडर दोन-तीन वर्षांत बदलतो, शेजारी बदलत नाही. नवा साहेब आला की ओळख पहिल्यापासून. कायमची बैठक असेल तर ती तरी टिकेल.

मुळेपल्याड

बोपखेलचा आहे. टेबल नसलं की काय होतं ते आम्ही भोगलं. दापोडीला जायचा आमचा रस्ता लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या हद्दीतून होता. पिढ्यान्पिढ्यांचा. मे २०१५ मध्ये तो बंद झाला. दोन-तीन किलोमीटरची दापोडी विश्रांतवाडीमार्गे फिरून पंधरा किलोमीटरच्या घरात गेली. आंदोलन चिघळलं, दगडफेक झाली, लाठीमार झाला, पोरांवर केसेस लागल्या. मग तात्पुरता तरंगता पूल झाला, तो पावसाळ्यात टिकणारा नव्हता. शेवटी मुळेवर पक्का पूल, त्यासाठी पलीकडे लष्कराची जागा, त्या जागेची किंमत, परवानग्या. वर्षं गेली.

रस्ता त्यांच्या जागेतला होता, ते सुरक्षेसाठी बंद करणार हेही समजू शकतो. पण आधी पूल, मग कुलूप, एवढा क्रम जरी दोघांनी बसून ठरवला असता, तरी माझ्या धाकट्या बहिणीची दहावीची शाळा सुटली नसती.

नगरी

केके रेंजचं कोणी लिहिलं नाही म्हणून. केके म्हणजे खारे कर्जुने, आमच्या शेजारचं गाव. रणगाड्यांच्या सरावाचं मैदान. इथे कायदा वेगळा, १९३८ चा, तोफखाना सरावाचा. जमीन आमच्या नावावर राहते, सरावाच्या दिवशी घर सोडून बाहेर जायचं, पिकाचं नुकसान झालं तर भरपाई. 'आर-टू' (सरावासाठी अधिसूचित केलेला आमच्या जमिनींचा पट्टा) म्हटलं की नगर, पारनेर, राहुरीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो, कारण ही जमीन कायमची घेणार अशी हूल दर काही वर्षांनी उठते. वावरथ-जांभळीची माणसं मुळा धरणात आधीच एकदा उठली आहेत.

पण एक सांगतो, १९३८ च्या कायद्यात मुदत असते. ठरावीक वर्षांनी अधिसूचना पुन्हा काढावी लागते. झारखंडात नेतरहाटला लोकांनी तीस वर्षं लढा दिला आणि २०२२ मध्ये मुदत संपल्यावर ती वाढवली गेली नाही. मुदत आली की बोलणं भाग पडतं. १९०३ च्या रेषेला मुदतच नाही. साठा बदलला, कोठारं सुधारली, वस्ती वाढली, तरी रेषा तिथेच. दर दहा वर्षांनी तिचा फेरविचार सक्तीचा केला, तर लष्कर आणि गाव आपोआप समोरासमोर येतील. सुभेदारसाहेबांच्या गणितात अंतर वाढलं तर वाढू द्या, पण हिशेब मांडा.

निवृत्त_सुभेदार

नगरी, हे मला मान्य आहे. फेरविचाराला माझी हरकत नाही. आकडे गुप्त ठेवूनही निष्कर्ष सांगता येतो.

मावळचा_वकील

+१. कटक मंडळांचा (कॅन्टोन्मेंटचा) नागरी भाग पालिकांत विलीन करण्याचं चाललं आहे, हिमाचलातलं खासयोल एप्रिल २०२३ मध्ये बाहेर पडलंही. देहूरोड, खडकी, पुणे यांचं तसं झालं, तर पालिका आणि लष्कर यांची सामाईक हद्द कितीतरी लांब होईल. आज जे बोपखेलला झालं ते उद्या दहा जागी होऊ शकतं. ही बैठक आत्ताच सुरू व्हायला हवी.

नकाशावाली

मोबदल्याबद्दल एक. सगळ्यांना रोख पैसे द्यायला कोणाकडे नसतात, हे उत्तर मी कार्यालयात रोज ऐकते. पण रस्त्यात जागा गेली तर आपण हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे तेवढं बांधकाम दुसरीकडे करायचा किंवा विकायचा हक्क, देतोच. रेडझोनमधल्या माणसाने बांधकामाचा हक्क सोडला तर त्याला तो पट्ट्याबाहेर विकता यावा, अशी मागणी हरकतीत मांडता येते. वस्ती हळूहळू विरळ व्हायचा तो माणुसकीचा मार्ग आहे.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना धागा वाचून दाखवला. सुभेदारसाहेबांचं घनमूळ त्यांनी पाटीवर करून पाहिलं. ५१२ टनांचं अंतर १७७६ मीटर आलं. मग म्हणाले, "म्हणजे वरचा मजला नकोच होता." भावाने जवळच भाड्याची खोली पाहिली आहे.

आम्ही गल्लीतल्या ४० घरांनी एक अर्ज तयार केला आहे, जिल्हाधिकारी, पालिका आणि डेपोच्या कमांडरना एकच मजकूर. तीनच मागण्या ठेवल्या: हद्दीची गटवार नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्या आणि नकाशा चावडीवर लावा, १९०३ च्या कायद्यानुसार मोबदल्याचे दावे ऐका, आणि वर्षातून दोनदा तिघांनी लोकांसमोर बसा, त्यात आग लागल्यावर कुठल्या रस्त्याने निघायचं हे पहिल्याच बैठकीत ठरवा. वर्धेकडचे दादा, ही शेवटची ओळ तुमच्या आत्यांमुळे आली.

वकीलसाहेब, मसुदा तुम्हाला व्यनि केला आहे. कलमांचे क्रमांक तेवढे तपासून द्याल का? सोमवारी आवक-जावकला द्यायचा आहे.

मावळचा_वकील

मिळाला. रात्री बघतो. तीन प्रती काढा आणि तिन्हींवर पोच घ्या.